ओठांवरचं माप

त्या गल्लीत सूर्य मावळला की उजाडायचं. दुपारी बघाल तर बंद शटरं, पसरलेली कुत्री आणि एक झाडू मारणारा. पण दिवे लागले की दहा नाचघरं, सात बार आणि दोन आइस्क्रीमवाले एकदम डोळे उघडायचे आणि अर्धं शहर ठेवणीतले कपडे घालून तिथं लोटायचं. ठेवणीतला कपडा म्हणजे मागच्या वर्षीचा कपडा, आणि मागच्या वर्षीचा कपडा अंगावर चढवून नाचायला गेलं की तो उसवणारच. पँट मागून उलगडायची, चेन ऐन वेळी दात विचकायची, झगा स्वतःच्याच टाचेखाली सापडायचा. म्हणून गल्लीच्या तोंडाशी, सहा फूट बाय चार फूट जागेत, पायमशीन मांडून मास्तर बसायचे.

मास्तरांचा हात असा की बोलायची सोय नाही. एका ढोलकवाल्याची पँट म्हणे त्याचा कार्यक्रम रंगात आलेला असताना त्यांनी मागे उभं राहून अंगावरच शिवली, आणि टाके इतके तालात पडले की लोकांनी टाळ्या नेमक्या कुणाला वाजवल्या यावर ढोलकवाला आजही रुसून आहे.

घरी दोन खोल्या आणि एक लेक. मास्तरीणबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायची. ती सहाला घरी यायची, मास्तर साडेसहाला निघायचे. बापलेकीचा सगळा संसार त्या अर्ध्या तासात. ती डबा हातात द्यायची, कॉलर सारखी करायची आणि म्हणायची, "परवान्याचं नूतनीकरण विसरू नका हं, बाबा. तुमची जागा गेली आणि तुम्ही घरी बसलात, तर आठवड्याभरात माझे पडदे गुडघ्यापर्यंत येतील."

ती थट्टा करायची, मास्तर मात्र परवान्याची तारीख मनात मोजत जिना उतरायचे. एकोणीस वर्षं ती जागा त्यांची होती. त्या जागेवर ते मास्तर होते. तिथून उठले की मोकळ्या हातांचं काय करायचं हे न कळणारा एक म्हातारा.

अशात समोरच्या खांबावर कॅमेरा बसला.

पहिल्या दिवशी गल्लीनं तो बघितला आणि गल्लीची चालच बदलली. पुरुषमंडळी खांबाजवळ आली की पोट आत ओढायची आणि पुढचा खांब ओलांडला की सोडायची. एका जाड्या दलालानं मध्येच मित्र भेटला म्हणून श्वास तसाच धरून ठेवला, आणि बिचारा निळा पडून आइस्क्रीमच्या गाडीवर आडवा झाला. झिंगलेली माणसं कॅमेऱ्यासमोरची चाळीस पावलं शाळेतल्या कवायतीसारखी टाकायची आणि एक्केचाळिसाव्याला कोसळायची. तिथं शेवटी कुणीतरी दयेपोटी गादी टाकली. भांडणंसुद्धा सभ्य झाली. दोघे जण एकमेकांच्या गळ्यात हात घालून, दात दाखवत, गोड आवाजात एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे.

मास्तरांनीही आठवडाभर इस्त्रीचा सदरा घातला, मान ताठ ठेवली, नाक खाजवलं नाही. आठव्या दिवशी मान आखडली. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "हे बघ बाबा, मी हा असा आहे," आणि पोटभर नाक खाजवलं.

पण मग दुसरी भानगड झाली. खांबाखाली दोन खिसेकापू एकमेकांच्या कानाशी लागून कुजबुजत होते, "त्या टोपीवाल्याचा मागचा खिसा." त्यांनी हात उचलायच्या आत दोन हवालदार आले आणि तेच वाक्य त्यांना शब्द न शब्द म्हणून दाखवलं. कॅमेऱ्याला कान नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग कळलं कसं? दोन दिवसांत उलगडा झाला. पलीकडच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पडद्यांसमोर एक बाई बसते, आणि ती ओठ वाचते!

त्या दिवसापासून गल्लीत तिला 'वरची' हे नाव पडलं. "हळू बोल, वरची बघतेय." सगळी गल्ली तोंडावर हात धरून बोलायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की इथं सगळ्यांचीच दाढ दुखतेय. एका दंतवैद्यानं तर गैरसमजानं गल्लीत दवाखाना काढला. मास्तरांच्या शेजारच्या नाचघराचा दारवान कपाट (रुंदी बघून गल्लीनं ठेवलेलं नाव) यानं मिशा वाढवल्या. त्या ओठांवरून उतरून हनुवटीला लागल्या. त्याला सूप पिता येईना, पण तो खूश होता.

"आता वाच म्हणावं!" कपाट मिशांच्या आतून म्हणाला. "मास्तर, तुम्हीही काहीतरी करा. तुमचं तोंड उघडं आहे."

"माझा एक हात चाकावर, एक कापडावर, आणि तोंडात टाचण्या," मास्तर म्हणाले. "तोंड झाकायला तिसरा हात कुठून आणू? आणि लपवण्यासारखं मी बोलतो तरी काय!"

हे बोलणं महिनाभरात अंगाशी आलं. परवान्याच्या कचेरीतून लिफाफा आला. मास्तरांचा चष्मा दोऱ्यांत हरवला होता, म्हणून कपाटानं मोठ्यानं वाचला.

"'आपण गल्लीत येणाऱ्या नागरिकांची गुपितं वहीत नोंदवून त्यांना धाकात ठेवता, असा संशय आहे. वहीसह उद्या दुपारी हजर राहावं. खुलासा न पटल्यास परवान्याचं नूतनीकरण होणार नाही व शनिवारी जागा रिकामी करून घेतली जाईल.' मास्तर!" कपाट दोन पावलं मागे सरकला. "माझं काय काय लिहिलंय तुम्ही?"

"तुझं काय लिहिणार, कपाळ? छाती बावन्न!"

रात्री मास्तरांनी लेकीला काही सांगितलं नाही. सकाळी तिनं स्वतःच लिफाफा वाचला, रजा टाकते म्हणाली. "तू नको," मास्तर म्हणाले. "तू रागावलीस की सुई घेऊन मागे लागशील." ती हसली, पण कॉलर सारखी करताना तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कॉलरवर राहिला.

दुपारी मास्तर चार मजले चढून गेले. खोलीत सोळा पडदे, जमिनीवर खुरमांडी घालून बसल्यासारखा एक पंखा, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर, आणि खुर्चीत पन्नाशीची एक बाई, चष्म्याला दोरी बांधलेली. बाजूला परवान्याचे साहेब उभे होते. त्यांच्या कचेरीच्या कोटाचं मधलं बटण असं ताणलं होतं की मास्तरांनी आधी नमस्कार बटणालाच केला.

"बसा," साहेब म्हणाले. "आणि हे बघा."

पडद्यावर गल्ली आली. एका मशीनवर कुणीतरी टकला माणूस वाकून बसला होता.

"हे कोण?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही."

मास्तर चपापले. स्वतःला त्यांनी वरून कधी बघितलं नव्हतं. "घरचा आरसा फारच भिडस्त निघाला," ते पुटपुटले.

पडद्यावर एक गिऱ्हाईक आलं. आधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग पाठीमागून एक पिशवी काढून हळूच मास्तरांच्या मशीनखाली सरकवली. दोघं बोलायला लागले. आवाज नव्हता. बाईंनी चष्मा सारखा केला आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मास्तर म्हणतायत, 'घाबरू नका. तुमचं पाप माझ्याकडे लिहून ठेवलंय.' तो म्हणतोय, 'वाढलंय का?' मास्तर म्हणतायत, 'गेल्या वर्षीपेक्षा बरंच.' तो म्हणतोय, 'बायकोला कळलं तर?' मास्तर म्हणतायत, 'कळतंय कशाला? मी आतून दाबून टाकतो. आधी जुनं सगळं उसवावं लागेल.'"

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. "यावर काय म्हणणं आहे?"

मास्तर पडद्याकडे वाकले. वाक्यं त्यांचीच होती. बोलण्याची धाटणी त्यांची, 'आतून दाबून टाकतो' त्यांचं, 'उसवावं लागेल' तर दिवसातून वीस वेळा. पण पाप? "मी असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "कुणाचं पाप लिहायला मी काय वर बसलोय? वर तर तुम्ही बसलायत."

"वही काढा," साहेब म्हणाले.

मास्तरांनी वही दिली, आणि ती दिल्याचा लगेच पश्चात्ताप झाला. साहेब मोठ्यानं वाचू लागले. "'बँकवाला, ४०, नंतर ४४. लपवतो.' हं! 'गाणारीचा नवरा, दोन बोटं सोडायची.' कुणाची बोटं? 'दलाल, आधी ४२ सांगितलं, श्वास सोडल्यावर खरं कळलं.' श्वास सोडल्यावर! म्हणजे माणूस गेला की काय?"

"गेला कुठला, परवाच आला होता! पोट आत ओढून उभा राहतो हो तो. श्वास सोडला की पोट बाहेर येतं."

"साहेब, मी यांना तीन वर्षं बघतेय," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थोडं दुःखच होतं. "पहिल्या कॅमेऱ्यापासून, तो मागच्या वळणावर होता, गल्लीच्या लक्षातच आला नाही. माणूस मला वाईट वाटला नव्हता. गुरुवारी यांच्या डब्यात भोपळा असतो, तो हे गुपचूप दारवानाला देतात आणि डबा पुसून ठेवतात. सर्दी झाली की गुणगुणत नाहीत. पण माझी आई जन्माची बहिरी. मी घरात ओठ वाचतच मोठी झाले. मी वाचलेलं चुकत नाही."

"भोपळ्याचं माझ्या लेकीला सांगू नका," मास्तर घाईनं म्हणाले.

"बघितलंत साहेब, हाच चेहरा!" बाईंनी बोट दाखवलं. "यांच्यापुढे उभं राहिलेल्या प्रत्येकाचा असाच चेहरा होतो. ओठांत कधी शंका आली तर चेहरा बघायचा, असं आई शिकवायची. चेहऱ्यानं सगळं सांगितलं मला."

"शंका आली होती तर!" मास्तरांनी शब्द पकडला. धाग्याचं टोक सापडलं की ते सोडायचं नाही, ही जन्माची सवय. "कुठं आली होती?"

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी नोंदींची चळत चाळली. "एकाच ठिकाणी. एक मुलगी मोठा कोट घेऊन आली होती. तुम्ही तिला म्हणालात, 'तुझ्या पापाचं पाप माझ्या डोक्यात आहे.' मला अर्थ लागला नाही. प्रश्नचिन्ह टाकलंय."

मास्तरांनी डोळे मिटले. मुलगी आठवली, कोट आठवला. वडिलांचा कोट स्वतःला लहान करून हवा होता तिला. आणि एकदम ते खुर्चीवरून असे उठले की पंख्याची मांडी मोडली.

"तुझ्या बापाचं माप! बाई, बापाचं माप! पापाचं पाप नव्हे! मी शिंपी आहे हो, दिवसभर माप माप करतो! माप लिहिलंय, माप वाढलंय, सोडलेली शिवण आतून दाबून टाकतो!"

बाई उठून खिडकीच्या काचेपाशी गेल्या. काचेत स्वतःच्या ओठांकडे बघत त्यांनी आवाज न करता तीन शब्द म्हटले. पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा अगदी सावकाश.

"तिन्हीला ओठ सारखेच मिटतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण साहेब, चेहरे? एवढी माणसं, एवढी शरमेनं काळवंडलेली... मापासाठी कुणी असा चेहरा करतं का?"

"तेच तर," साहेब म्हणाले. त्यांना खुलासा आवडला होता, पण पटला नव्हता. शिक्का मारणाऱ्या माणसाला एवढी सोपी सुटका मानवत नाही. "कंबरेच्या दोन इंचांसाठी माणूस पिशवी लपवून आणत नाही. मी स्वतः येतो संध्याकाळी. कोट घालून उभा राहतो. बाई, तुम्ही इथून वाचा. काय दिसतं ते वॉकीटॉकीवर सांगा. शंका राहिली तर शनिवारी जागा रिकामी."

संध्याकाळी गल्ली नेहमीपेक्षा लवकर भरली. बातमी कपाटानं फोडली होती, मिशांच्या आडून. सगळे तोंडावर हात धरून मास्तरांच्या मशीनभोवती उभे राहिले. लेकही आली होती, आणि तिनं खांद्यावरची पिशवी छातीशी घट्ट धरली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली, पण मशीनच्या पायपट्टीवर पाय ठरत नव्हता; चाक आपोआप अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे जात होतं.

साहेब आले. डाव्या हातात वॉकीटॉकी, चेहरा करारी. "करा सुरुवात. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे टाचण्या तोंडात. मास्तरांनी त्या ओठांत धरल्या, गळ्यातली टेप काढली आणि साहेबांभोवती टाकली. कोट ज्या मापावर शिवला होता, त्या आकड्याला टेपचं टोक भेटेना. मास्तरांनी आकडा बघितला. साहेबांकडे बघितलं. पुन्हा आकडा बघितला. जागा वाचवायची तर गोड बोलावं, असं एक क्षण मनात आलं. पण एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला माप खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता या वयात जीभ वळेना.

"साहेब," ते टाचण्यांच्या फटीतून, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "माप वाढलंय. चांगलं चार इंच. आणि हे काही आजचं नाही."

साहेबांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान कॉलरमध्ये आत गेली, आणि अख्ख्या गल्लीला करारीपणा दाखवणारा तो चेहरा चुरगळलेल्या अस्तरासारखा झाला. ते वाकले आणि मास्तरांच्या कानात म्हणाले, "हळू बोला की. कचेरीत कुणाला सांगू नका. घरी हिला तर मुळीच नको."

वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब?" बाईंचा आवाज आला. मग पुन्हा, अविश्वासानं, "साहेब... तुम्हीसुद्धा?"

गल्लीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि पडलीच, कारण मास्तरांचं तोंड उघडं राहिलं.

"अहो बाई, मी कोटाचं बोलतोय!" साहेब ओरडले.

"मला माहीत आहे साहेब, यांनी माप म्हटलं असेल. पण चेहरा पापाचाच आहे. अगदी तोच. असा चेहरा मी त्या खांबाखाली रोज बघते, प्रत्येकाचा, यांच्यासमोर आला की..." आवाज थांबला. पुन्हा आला तेव्हा तो हसू दाबत होता. "अगं बाई. प्रत्येकाचाच की! म्हणजे तीन वर्षं मी माणसांच्या कंबरा वाचत होते तर!"

आधी लेकीला हसू फुटलं, मग कपाटाला. मिशा वाऱ्यावर उडाल्या आणि कित्येक दिवसांनी लोकांना त्याचे दात दिसले. मग तर गल्लीनं तोंडावरचे हातच काढले. हसायला तोंड मोकळं लागतं. जाडा दलाल पुढे आला आणि खांबाकडे तोंड करून सगळ्यांदेखत ओरडला, "चव्वेचाळीस! वाचा, बाई, चव्वेचाळीस!" बँकवाला मागून म्हणाला, "माझंही!" आकड्यांचा नुसता लिलाव सुरू झाला.

साहेब काही वेळ अपमान झाल्यासारखे उभे राहिले. पण सगळी गल्लीच आपापला आकडा ओरडतेय म्हटल्यावर एकट्यानं अपमान धरून ठेवण्यात मजा राहिली नाही. त्यांनी कोट काढला, मशीनवर ठेवला, खिशातून परवान्याचा कागद काढला आणि मशीनच्या फळीवरच सही ठोकली. शिक्का त्यांच्या खिशात होताच. असल्या माणसांच्या असतो.

"एक वर्ष," ते म्हणाले. "आणि त्याच्या पुढचं नूतनीकरण एकदम पाच वर्षांचं. दरवर्षी ही शोभा नको. हा कोट कधी मिळेल?"

"बसा तिथं. दोन गाणी होईपर्यंत देतो," मास्तर म्हणाले. "आतून सोडायला कापड आहे. शिवणाऱ्यानं तुमचा स्वभाव ओळखून शिल्लक ठेवलंय."

लेकीनं कागद दोनदा वाचला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्याकडे राहील. तुम्ही त्याचासुद्धा कुठं तरी खिसा शिवाल." मग बापाच्या शेजारच्या स्टुलावर बसली. ती गल्लीत कधी आलीच नव्हती. दिवे बघत राहिली.

मास्तरांनी कोटाची शिवण उसवली आणि नवी घालायला घेतली. पाय आता ठरला होता, चाक त्यांच्या मर्जीनं फिरत होतं. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. खांबावरचा तो काळा डोळा होता तसाच होता, पण आता त्याच्या पाठीमागे खुर्चीवर टाकलेला स्वेटर होता, दोरी बांधलेला चष्मा होता, आणि सर्दी झालेली ओळखणारं कुणीतरी होतं. मास्तरांनी ओठांतल्या उरलेल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचल्या. मग आवाज अजिबात न काढता, एकेक अक्षर सुटं करत, कॅमेऱ्याला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले हे?" साहेबांनी लेकीला विचारलं. तिनं खांदे उडवले.

साहेबांच्या मांडीवर वॉकीटॉकी खरखरला.

"झालंय हो माझं जेवण, मास्तर," बाई म्हणाल्या. "तुम्हीच अजून डबा उघडला नाहीत. आणि लेक पहिल्यांदा आलीय, तिला आधी आइस्क्रीम घ्या."

"सरकारी यंत्र आहे हे!" साहेब खेकसले.

"हो साहेब. आणि तुम्ही पोट सोडून बसलात तरी चालेल. मी तिकडे बघत नाहीये."